हॉलसाठी एक, ह्यांच्यासाठी एक

ग्वाल्हेरच्या मराठी माणसाला विलीनीकरणाचं भय वाटत नाही, कारण त्याचं एकदा झालेलं आहे. माझे सासरे संस्थानच्या मुलकी खात्यात होते. संस्थान गेलं, मध्य भारत आला, राजधानी हिवाळ्यात इथे आणि उन्हाळ्यात इंदूरला असा दोन घरांचा संसार काही वर्षं चालला आणि मग सगळंच भोपाळला गेलं. सासऱ्यांची ज्येष्ठता कोणत्या यादीत धरायची हा प्रश्न ते निवृत्त झाले तेव्हाही विचाराधीन होता. ते म्हणायचे, "विलीनीकरणात कोणाचं काही जात नाही. फक्त कोण कोणाच्या पुढे उभं राहायचं, ते नव्यानं शिकावं लागतं."

लष्कर भागातल्या आमच्या दोन गणेश मंडळांनी एक व्हायचं ठरवलं तेव्हा मला सासऱ्यांची फार आठवण झाली. एक मंडळ दख्खनेतून शिपाईगिरी करत आलेल्या घराण्यांचं, दुसरं दरबारातल्या कारकुनांच्या आणि पुरोहितांच्या घराण्यांचं. आता पहिल्यात विमा एजंट आणि दंतवैद्य आहेत, दुसऱ्यात वकील आणि दंतवैद्य. एकाच्या भिंतीवर तलवार, दुसऱ्याच्या भिंतीवर सनद. धूळ दोन्हींवर सारखी. मुलं पुण्याला नाहीतर बंगळूरला. आरतीला माणसांपेक्षा झांजा जास्त व्हायला लागल्या, तेव्हा कुठे एकीचं महत्त्व पटलं. करारनामा एवढा भारदस्त झाला होता की वाचणाऱ्यानं वाचण्यापूर्वी अंगावर शाल घेतली. वैशाख चालू होता.

करारात दोन अध्यक्ष ठरले. आरतीची चाल एका दिवशी ह्यांची, दुसऱ्या दिवशी त्यांची. आणि शेवटून दुसऱ्या कलमात 'सांस्कृतिक कार्यक्रमांची पुनर्रचना' होती. तिथे आमच्या घराचा संबंध आला.

माझे यजमान हवाईन गिटार वाजवतात. आडवी मांडीवर घ्यायची, डाव्या हातात पोलादी रॉड धरून तारांवर सरकवायचा आणि उजव्या हाताच्या बोटांत पिक घालून छेडायचं. नोकरी पाटबंधारे खात्यात केली, पण त्यांना विचारलं तर ते गिटारवादक आहेत, पाटबंधारे मधे कुठेतरी झाले. सनदवाल्या मंडळात दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ एकतीस वर्षं त्यांची होती, पूर्ण एक तास. नाट्यपदं, भावगीतं, शेवटी भैरवी. पुनर्रचनेत त्याची पंधरा मिनिटं झाली आणि कंसात 'प्रायोगिक' असं लिहून आलं. एकतीस वर्षांनंतर माणूस प्रायोगिक होतो हे मी तोवर फक्त सरकारी नेमणुकांत पाहिलं होतं. शिवाय अट होती, की मंचावर कोणी आपली खोकी आणायची नाहीत, साउंड सिस्टमवाल्याकडे फक्त एक वायर द्यायची.

हे म्हणाले, "पंधरा तर पंधरा. पण खराब वाजलं ना, तर पुढच्या साली पाच पण नाही देणार. बघ तू."

ते खरं होतं. दोघांनाही ते माहीत होतं. त्या पंधरा मिनिटांत पुढची सगळी वर्षं होती.

खोकी न आणण्याची अट आम्हांला तशी सोयीचीच पडली, कारण आमचं खोकं चैत्रातच गेलं होतं. खोकं म्हणजे अॅम्प्लिफायर. नई सडकेवर एक रेडिओ मेकॅनिक होते, त्यांनी तो ह्यांच्यासाठी हातानं बनवला होता. आत काचेचे व्हॉल्व्ह, बाहेर सागवानी पेटी, पुढे खाकी कापड. मेकॅनिक वारून सहा वर्षं झाली होती. चैत्रात एका दुपारी आतला ट्रान्सफॉर्मर जळला, घरभर वास सुटला आणि नई सडकेवर विचारायला जावं असं कोणी उरलेलं नव्हतं.

आता माझं काम सांगते. वाजवताना ह्यांचे दोन्ही हात अडकलेले असतात, म्हणून लग्नानंतरच्या पहिल्याच गणपतीपासून अॅम्प्लिफायरची बटणं मी फिरवते. खुणा ठरलेल्या होत्या. उजवी भुवई वर गेली की ट्रेबल वाढवायचा, म्हणजे आवाजाची धार. डावी गेली की कमी करायचा. दोन्ही गेल्या की एकूण आवाज मोठा. एक एक भुवई सुटी उचलता येणं ही दैवी देणगी आहे, मला ती नाही. मी कॉलेजात ग्रंथपाल होते, मला संगीतातलं फारसं कळत नाही असं घरात ठरलेलं होतं आणि मीही कधी हरकत घेतली नाही. कान ह्यांचा, हात माझा. अशी वाटणी झाली की संसारात वाद कमी होतात. शेवटच्या काही वर्षांत डावी भुवई कधी उठली होती का, हे मला आठवत नाही. तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

अॅम्प्लिफायर गेल्याचं कळल्यावर पुण्याच्या लेकीनं एक डबी पाठवली. साबणाच्या वडीएवढी, वर तीन बटणं. ह्याला मॉडेलर म्हणतात, ती फोनवर म्हणाली. जुन्या अॅम्प्लिफायरची नक्कल आत भरलेली असते, एका बाजूनं गिटार लाव, दुसऱ्या बाजूनं वायर सिस्टमला दे.

"आणि पुस्तिका?" मी विचारलं.

"आई, पुस्तिका नाहीये. तीन बटणं आहेत. फिरव."

मी फिरवली. पाच मिनिटांत गिटार बोलायला लागली. खरं सांगते, चांगली बोलली. जुन्या खोक्यासारखी अगदी नाही, पण चाळीत राहणारा सख्खा भाऊ वाटावा इतपत. मला वाटलं, झालं. ह्यांनी भैरवीचे चार सूर काढले, रॉड उचलला आणि मान हलवली.

"चमक नाही."

"ट्रेबल वाढवू?"

"वाढव." मी वाढवला. "अजून." बटण शेवटाला टेकलं. "नाही गं. हे खेळणं आहे. ह्यात ती चमकच टाकलेली नाही."

लेकीला सांगितलं. बापाच्या बाबतीत ती फार लवकर विरघळते. पंधरा दिवसांत दुसरं यंत्र आलं. हे पाटाएवढं होतं, मधे पडदा, पायानं दाबायच्या आठ कळा आणि पुस्तिका एवढी जाड की मला नोकरीवर रुजू झाल्यासारखं वाटलं. ह्यात दोनशेच्या वर अॅम्प्लिफायर होते. प्रत्येकाला कोणती पेटी जोडायची, पेटीपुढे माईक कुठला धरायचा, तो मधोमध की कडेला, किती बोटं लांब, हे सगळं निवडता येत होतं. व्हॉल्व्ह किती तापलेले आहेत हेही. तार जोरात छेडली की जुन्या खोक्यातली वीज क्षणभर दमते आणि सूर किंचित बसून पुन्हा उठतो. ते दमणं किती असावं, त्यालासुद्धा एक आकडा होता.

लोक अशा यंत्राला नावं ठेवतात. छोटी डबी पाच मिनिटांत वाजते, ह्यात पाच महिने जातात आणि शेवटी आवाज तोच, असं म्हणतात. मी नावं ठेवणार नाही, कारण मला ते यंत्र फार आवडलं. आयुष्यभर पुस्तकांचे विषय, उपविषय आणि त्यांचे उपविषय लावण्यात गेलं, आणि निवृत्तीनंतर कोणीतरी माझ्यापुढे अशी गोष्ट ठेवली की जिच्यात प्रत्येक कप्प्यात आणखी एक कप्पा होता. रोज दुपारी जेवणं झाली, की कूलरपुढे हे गिटार घेऊन बसायचे आणि मी पडदा घेऊन. प्रत्येक दिवसाचा आवाज मी तारीख घालून जपून ठेवायची. आधीचा पुसायचा नाही, ही ग्रंथालयातली सवय.

सुरुवात जुन्या खोक्याची नक्कल करण्यापासून केली. त्याच्यावरची बटणं जशीच्या तशी होती. ट्रेबलचं बटण पार शेवटाला टेकलेलं होतं, म्हणून यंत्रातही मी ते तिथेच ठेवलं.

"जवळ आलीस," हे म्हणाले. "पण चमक कमी आहे."

मग माईक पेटीच्या मध्याकडे सरकवला, तिथे धार जास्त येते. पुस्तिकेत होतं. "अजून थोडी." पेटी बदलली. "हं. अजून." वरच्या पट्टीतल्या आवाजासाठी वेगळी सोय होती, ती लावली. आषाढापर्यंत आवाज असा झाला, की वरच्या तारेवर रॉड गेला की माझ्या दाढेत कळ यायची. मी एकदा म्हटलं, "अहो, मला जरा टोचतंय."

"तुला सवय नाही ना त्या आवाजाची," हे प्रेमानं म्हणाले. "मोठ्या मशीनमध्ये हेच असतं. खोल जावं तसा असली आवाज निघतो."

मला ते पटलं. खोल गेल्यावर जे सापडतं ते असलीच असणार, अशी माझीही श्रद्धा होती. आणि कान त्यांचा होता.

श्रावणात एका दुपारी वीज गेली. आमच्याकडे ती जातेच. पाटणकर बाजारच्या मागे एखाद्या दिवशी गेली नाही, तर लोक खिडकीतून विचारतात की काय झालं. इन्व्हर्टरवर पंखा चालू होता आणि मी स्वयंपाकघरात भाजी निवडत होते. थोड्या वेळानं इन्व्हर्टरनं बॅटरी संपत आल्याची खूण द्यायला सुरुवात केली. अतिशय बारीक, उंच, कान कुरतडणारी शिटी. थांबते, पुन्हा होते. मला वाटलं, हे उठून बंद करतील, ते तिथेच बसले होते, इन्व्हर्टरपासून हातभर. शिटी होत राहिली. मी हात पुसत बाहेर आले.

हे गिटारच्या तारा पुसत होते. मला पाहून हसले.

"किती शांत वाटून राहिलं ना," म्हणाले. "लाइट गेली की बरं वाटतं."

शिटी झाली. थांबली. पुन्हा झाली.

मी जाऊन इन्व्हर्टरचं बटण बंद केलं. "पंखा का बंद केलास?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, बॅटरी संपत आली आहे. "तुला कसं कळलं?" मी काहीतरी सांगितलं. काय, ते आठवत नाही.

वीज आल्यावर, हे बाजारात गेले असताना, मी यंत्र लावलं आणि जपून ठेवलेले सगळे आवाज तारखेनं उघडले. वैशाखापासून प्रत्येक दिवशी मी धार किती वाढवली, ते आकड्यांत होतं. एकही दिवस कमी केलेली नव्हती. मी एका माणसाच्या कानाची पायरी न् पायरी मोजत गेले होते आणि त्याला आवाजाची साधना समजत होते. छोट्या डबीनं ते पाच मिनिटांत सांगितलं होतं. तिच्यात बटण शेवटाला टेकलं आणि पुढे जागा नव्हती. तिथेच थांबून विचार करावा लागला असता. ह्या यंत्रात टेकायला भिंतच नव्हती, म्हणून थांबावंही लागलं नाही.

मग मला जुन्या खोक्याचं ते शेवटाला टेकलेलं बटण आठवलं. ते चैत्रातच टेकलं असं नव्हतं. किती वर्षं ते तिथे होतं?

मी पलंगाखालून खोकं ओढलं आणि मागची फळी उघडली. ह्यांच्या खुर्चीकडे खोक्याची पाठ असायची आणि तोंड हॉलकडे. पुढच्या मोठ्या स्पीकरवर, खाकी कापडाच्या आतून, कोणीतरी नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, जाड तुकडा नीट कापून बसवला होता. त्यानं धार अडते. आणि मागच्या फळीला, जाळीच्या आड, एक छोटा स्पीकर होता, नुसती धार वाजवणारा, ह्यांच्या खुर्चीच्या बरोबर समोर येईल असा. त्याची वायर बाकीच्या वायरींपेक्षा नवी होती. मेकॅनिकनं हॉलला एक आवाज दिला होता आणि ह्यांना एक. कोणाला न सांगता. दरवर्षी गणपतीआधी ते खोकं तपासायला घेऊन जायचे, ते परत देताना मला म्हणायचे, "अब साहब को बराबर सुनाई देगा, भाभीजी." मला वाटायचं, ही दुकानदारीतली बोलायची पद्धत आहे.

मी फळी लावली आणि खोकं परत ढकललं.

सांगायला हवं होतं. दोनदा तोंड उघडलंही. पहिल्यांदा म्हटलं, "एकदा कान दाखवून येऊ या का?" हे म्हणाले, "मळ असेल," आणि रात्री तेल घालून झोपले. दुसऱ्यांदा ते भैरवी बसवत होते आणि चेहऱ्यावर जे होतं, ते पाहून मी चहा टाकायला गेले. ज्या माणसाची सगळी मिजास कानावर उभी आहे, त्याला पंधरा मिनिटांच्या परीक्षेआधी काय म्हणून सांगायचं?

त्या आठवड्यात हॉलमध्ये आवाजाची चाचणी होती. दाल बाजारातल्या एका धान्याच्या दुकानाच्या माडीवर सिस्टमवाल्याचं गोदाम आहे. तो तिथून स्पीकर घेऊन आला होता, त्याच्या सगळ्या वायरींना डाळीचा वास येत होता. दोन्ही अध्यक्ष पहिल्या रांगेत, मधे एक खुर्ची रिकामी सोडून बसले होते. हे वाजवायला लागले. वरच्या तारेवर गेले, तसा तलवारवाल्या अध्यक्षांनी कानात बोट घातलं. सनदवाल्यांनी ते पाहिलं आणि करार झाल्यापासून पहिल्यांदाच दोघांचं एकमत झाल्यासारखं मान डोलावून तेही बोट शोधायला लागले.

नंतर सनदवाले माझ्याजवळ आले. "काकू, काकांबद्दल आदर आहेच. पण नवी पिढी येणार आहे यंदा. तुम्हीच सुचवा त्यांना. सत्कार करू या त्यांचा. शाल, श्रीफळ. वाजवायलाच पाहिजे असं थोडंच आहे?"

शाल हीच मुख्य भीती होती. आमच्या गावात माणसाला शाल दिली, की त्याच्याकडून काही अपेक्षा उरत नाही.

"वाजवतील," मी म्हटलं. "आज यंत्र नीट लागलं नव्हतं. माझी चूक."

घरी आले आणि पुस्तिका उघडली. मला हवं होतं ते अगदी मागच्या प्रकरणात सापडलं. यंत्रातून आवाज बाहेर जायला दोन वाटा असतात आणि दोन्ही वाटांवर आवाज वेगवेगळा घडवता येतो. मी आधी ते प्रकरण ओलांडून गेले होते. एकाच माणसाला दोन आवाज कशाला लागतील?

हॉलच्या वाटेवर मी वैशाखातला पहिला आवाज ठेवला आणि त्याचीही धार थोडी उतरवली. सिस्टमवाला ह्यांच्या पायाशी ठेवतो त्या छोट्या स्पीकरच्या वाटेवर श्रावणातला शेवटचा. सिस्टमवाल्याला एकीऐवजी दोन वायरी दिल्या. त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं.

"आंटीजी, दोनों में अलग-अलग आ रहा है."

"हो. आने दो."

"अंकल को पता है?"

"तुम स्पीकर ठीक से बाँधो. पिछले साल पड़ता पड़ता बचा था."

"वो पिछले साल दूसरा वाला था," तो दुखावून म्हणाला, पण पुढे काही विचारलं नाही.

गणपतीच्या दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ उत्तम झाली. ह्यांनी दोन पदं वाजवली आणि भैरवी. मी यंत्राशी बसले होते. उजवी भुवई एकदा उठली. मी पायाशी असलेल्या स्पीकरची धार वाढवली आणि हॉलला हात लावला नाही. ह्यांनी समाधानानं मान हलवली. एवढी वर्षं मी त्यांच्या भुवईवर चालले होते. त्या दिवशी पहिल्यांदा मी नुसतं चालल्याचं नाटक केलं, आणि ते फार सोपं होतं. हॉल शांत बसला होता. वेळ पंधरा मिनिटांची होती, सव्वीस झाली, कोणी घंटा वाजवली नाही. तलवारवाले अध्यक्ष स्वतः मंचावर आले. "काय गोडवा आहे काका! मध! आजकाल असं मऊ कोणी वाजवत नाही." सनदवाल्यांनी त्यांच्यापेक्षा एक वाक्य जास्त बोलायचं म्हणून सांगितलं, की पुढच्या वर्षी पूर्ण तास. टाळ्या झाल्या. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, आणि ते कशाचं, हे मला ठरवता आलं नाही.

घरी येताना रिक्षात हे डोळे मिटून बसले. मला वाटलं, दमले.

सकाळी चहा घेताना त्यांनी कप खाली ठेवला.

"सगळे गोड म्हणाले."

"हो ना. खूपच."

"मी गोड वाजवलं नव्हतं."

मी त्यांचा कप पुन्हा भरला.

"मला राग होता त्या लोकांचा. पंधरा मिनिटं म्हणून राहिले होते. मी भैरवी पूर्ण ब्रिजजवळ, तारांच्या टोकाला हात ठेवून वाजवली, मुद्दाम. तिथे तार चाकूसारखी बोलते. पहिल्या रांगेला टोचावं म्हणून. आणि तो येऊन म्हणतो, मध." ते माझ्याकडे बघत होते. "हॉलला काय पाठवलंस तू?"

मी सांगितलं. वैशाखापासून सगळं, इन्व्हर्टरची शिटीही. मग खोकं ओढून फळी उघडली. ह्यांनी खाली बसून त्या छोट्या स्पीकरवर बोट ठेवलं, नमद्याचा तुकडा चाचपला, वायर ओढून पाहिली.

"तो पण?" म्हणाले.

"हो."

"म्हणजे सगळ्यांना माहीत होतं."

"सगळ्यांना नाही. दोघांना."

"दोन अध्यक्ष," हे म्हणाले. आणि हसले नाहीत.

दुपारपर्यंत ते खोक्यापाशीच बसून होते. जेवताना म्हणाले, डॉक्टरकडे वेळ घे. मी म्हटलं, घेते. मशीन देतील ना कानाला, त्यांनी विचारलं. देतील बहुतेक, मी म्हटलं.

"ते पण मॉडेलरच की. असली आवाजाची नक्कल." त्यांनी वरणात भात कालवला. "त्यात मेन्यू असतात?"

"असतील. आता सगळ्यांत असतात."

"त्याला तू हात नाही लावायचा."

एवढ्या वर्षांत त्यांनी मला असं काही म्हटलं नव्हतं. ते रागानं म्हणाले असते तर बरं झालं असतं. ते भात कालवत, मीठ मागावं तसं म्हणाले.

संध्याकाळी त्यांनी गिटार काढली. मी सवयीनं मोठं यंत्र पुढे ओढलं. "ते नको," हे म्हणाले. "ती छोटी डबी आण, खेळणं. तीन बटणांचं." मी आणली. वायर त्यांनी स्वतः लावली. बटणंही स्वतः फिरवली, आयुष्यात पहिल्यांदा. जरा अवघडून, जसं दुसऱ्याच्या घरातलं कपाट उघडावं. तिन्ही बटणं मधोमध आणून सोडली.

"ह्यात लपवायला जागा नाही," म्हणाले.

मग भैरवी. ब्रिजजवळ हात, कालच्यासारखा. मला टोचलं. ते थांबले.

"कसं आहे?"

"टोचतंय."

उजवा हात त्यांनी चार बोटं पुढे सरकवला, तारांच्या मधल्या भागाकडे, आणि पुन्हा छेडलं. आवाज बुजला, गोल झाला. त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं की त्यांना त्यातलं अर्धंच पोचतंय. बंद दारावर टकटक करून आत कोणी आहे का ऐकावं, तसे ते ऐकत होते.

"आता?"

मला पटकन 'छान' म्हणता आलं असतं. पण आता ते चालणार नव्हतं. मी नीट ऐकलं. मग माझ्या लक्षात आलं, की कान त्यांचा, हात माझा ही वाटणी मी एवढ्या मुकाट्यानं पाळली होती की माझं मत काय हे मला माहीतच नव्हतं. शिवाय माझंही वय झालंय. मला जे ऐकू येतं ते सगळं आहे, हे तरी कोण सांगणार?

"किंचित मागे," मी म्हटलं. "अर्धं बोट."

त्यांनी अर्धं बोट मागे घेतलं, रॉड तारेवर ठेवला आणि छेडण्याआधी माझ्या चेहऱ्याकडे बघत थांबले. मी खूण करायला भुवई उचलली. दोन्ही उठल्या.

"त्याचा अर्थ आवाज मोठा," हे म्हणाले.

"मला एक येत नाही. तुम्हाला माहीत आहे."

"शीक मग," म्हणाले, आणि वाजवायला लागले.